हराळीचे मैदान की प्लास्टिकचे?

कपाशीच्या वावरात हराळी शिरली म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खुरप्याने वरचे पान काढावे तर खालची कांडी तशीच जिवंत राहते. कुदळीने खणावे, मुळ्या वेचाव्यात, बांधावर वाळत घालाव्यात, वाळल्या की पेटवून द्याव्यात, तरी रोहिणी-मृगाचा पहिला पाऊस पडला की ती पुन्हा हजर! फुलसावंगीच्या काळ्या मातीत दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाणाऱ्या आपल्या मायबहिणींच्या हाताला पडलेले घट्टे या हराळीनेच दिलेले आहेत. तिला शिव्या घातल्या नाहीत अशी एकही बाई आमच्या वस्तीत सापडणार नाही.

आणि तरीही आज मी त्याच हराळीची बाजू घेऊन लिहिणार आहे. कारण आपण जिला तण म्हणतो, जिला पंडित लोक दूर्वा म्हणतात आणि इंग्रज बर्म्युडा म्हणतात, त्याच गवताच्या सुधारित जाती उष्ण देशांतल्या नावाजलेल्या फुटबॉल मैदानांवर मुद्दाम लावल्या जातात, पाणी-खत घालून जोपासल्या जातात. खेळाडू पडला तर त्याला झेलणारे, तुडवले तर मरणार नाही असे, उन्हात करपले तरी मुळाशी जिवंत राहणारे गवत म्हणून तिची ख्याती आहे. आम्ही मात्र ती जाळतो.

कौटुंबिक पानावर फुटबॉलचा विषय कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. पण आपली पोरे संध्याकाळी कुठे असतात, कोणत्या जमिनीवर धावतात, पडल्यावर त्यांचे गुडघे कशाने फुटतात आणि त्यासाठी घरातून किती पैसे जातात, हा घरचाच विषय आहे. हा विषय आमच्या वस्तीत निघाला तो भीमजयंतीचा हिशेब करताना.

जयंती आटोपली, वर्गणीचा जमाखर्च वाचून झाला, थोडी रक्कम शिल्लक राहिली. विहाराच्या ओट्यावर बैठक बसलेली. एक कॉलेजात जाणारा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “काका, या वर्षी डीजेवर उडवण्यापेक्षा हे पैसे टर्फसाठी बाजूला ठेवू. बाकीचे आमदार निधीतून मागू. जिकडे तिकडे टर्फ झाले, आपल्याच पोरांनी गोट्यावर काहून खेळावं?” पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक म्हातारे मामा बोलले, “टर्फ मंजे थे हिरवं प्लास्टिक ना भाऊ? उन्हाळ्यात त्याच्यावर भाकर शेकता येईल.” सगळे हसले. पण मामांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्या दिवशी काही ठरले नाही. मी मात्र घरी आलो आणि या विषयाच्या मागे लागलो.

आधी हे प्लास्टिक म्हणजे काय ते समजून घेऊ. खाली खोदकाम, त्यावर मुरूम आणि गिट्टीचे दाबून बसवलेले थर, पाणी निघून जाण्याची सोय, त्यावर सतरंजीसारखा गालिचा. या गालिच्याला पॉलिथिलीनची हिरवी पाती शिवलेली असतात, साधारण दीड ते अडीच इंच उंचीची. पाती उभी राहावीत आणि पडणाऱ्याला मऊ लागावे म्हणून त्यांच्या मुळाशी वाळू आणि रबराचे काळे दाणे भरतात. हे दाणे बहुतेक ठिकाणी जुन्या टायरचे असतात. म्हणजे ज्या टायरवर आपला ट्रक-ड्रायव्हर भाऊ देशभर फिरला, त्याचाच चुरा पोरांच्या पायाखाली येतो!

हे प्रकरण सुरू कसे झाले त्याची गंमत आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९६५ साली छप्पर असलेले एक प्रचंड स्टेडियम उघडले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या लखलखाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. रंगवल्यावर ऊन येईना, ऊन नाही म्हणून गवत मेले. मग १९६६ साली तिथे प्लास्टिकचे गवत अंथरले गेले. त्या स्टेडियमचे नाव ॲस्ट्रोडोम, म्हणून गवताचे नाव ॲस्ट्रोटर्फ. जिथे ऊन पोहोचत नाही अशा जागेसाठी काढलेला हा उपाय. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, उन्हाची टंचाई कधी झाल्याचे मी तरी ऐकले नाही.

भारतीयांना या प्लास्टिकने पहिला तडाखा दिला तो हॉकीत. १९७५ साली क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकला, तो खऱ्या गवतावर. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळवली गेली आणि त्याआधी सात सुवर्णपदके जिंकलेला आपला देश सातव्या क्रमांकावर फेकला गेला. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले खरे, पण त्या वेळी अनेक बलाढ्य देशांनी बहिष्कार टाकलेला होता. हॉकी हरण्याला कारणे अनेक होती. पण मातीवर, चिखलावर, काठीला आकडा करून खेळणारी गावखेड्यातली पोरे या खेळापासून दूर पडली, त्याला हा गालिचा मोठाच कारण झाला. ज्याच्या गावात गालिचा नाही, त्याने कितीही घाम गाळला तरी त्याचा सराव वेगळ्याच खेळाचा ठरू लागला. शिक्षणाच्या बाबतीत इंग्रजी माध्यमाने आपल्या पोरांचे जे केले, त्याची आठवण होते.

फुटबॉलमध्ये मात्र गोष्ट उलटी चालली आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडात १९८१ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबाने गवत काढून प्लास्टिक टाकले. मग ल्युटन, ओल्डहॅम, प्रेस्टन यांनी तेच केले. चेंडू रबरासारखा उसळायचा, घसरणाऱ्याची कातडी सोलून निघायची. पाहुणे संघ वैतागले. १९९४ साली प्रेस्टनने शेवटचे प्लास्टिक उखडले. पुढे नवे, लांब पात्यांचे, रबर भरलेले गालिचे आले आणि खालच्या पायरीवरचे गरीब क्लब पुन्हा त्याकडे वळले. त्यांचे म्हणणे साधे होते. थंड-ओल्या हवेत गवतावर आठवड्यातून थोडेच तास खेळता येते. जास्त खेळले की चिखल. प्लास्टिकवर सकाळपासून रात्रीपर्यंत खेळा. दिवसा शाळेची मुले, संध्याकाळी गावातली पोरे, रात्री भाड्याने कारखान्यातले कामगार, आणि शनिवारी क्लबचा सामना. भाड्यावर क्लब जगतो. मेडस्टोन युनायटेड नावाच्या क्लबाने २०१२ पासून असेच केले आणि तो वर चढत गेला.

वरच्या लीगवाल्यांनी मात्र दार लावून घेतले. २०१४ साली लीगच्या क्लबांत मतदान झाले, तेव्हा मते ३४ विरुद्ध ३४ अशी समसमान पडली आणि ठराव बारगळला. त्यामुळे २०२० साली हॅरोगेट टाऊन, २०२१ साली सटन युनायटेड आणि २०२४ साली ब्रॉम्ली हे छोटे क्लब आयुष्यात पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये गेले, तेव्हा त्यांना बक्षीस काय मिळाले? स्वतःचे चांगले चालणारे मैदान उखडा आणि गवत लावा! म्हणजे ज्या प्लास्टिकच्या उत्पन्नावर ते वर चढले, तीच शिडी काढून घ्यायची. हॅरोगेटवाल्यांना तर मैदान तयार होईपर्यंत सुरुवातीचे घरचे सामने दुसऱ्याच्या गावात खेळावे लागले. नियम करणारे वर बसलेले, खर्च करणारे खाली. हा प्रकार आपल्याला नवा नाही.

नेदरलँड्सच्या पहिल्या लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून कृत्रिम गवत बंद केले. स्कॉटलंडच्या वरच्या लीगनेही ते बंद करायचे ठरवले. २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी फिफाने नैसर्गिक गवताची अट घातली. अमेरिकेतल्या ज्या स्टेडियममध्ये प्लास्टिक होते, तिथेही त्या स्पर्धेसाठी खरे गवत अंथरायचे ठरले.

आणि बायांना? २०१५ साली कॅनडात महिलांचा विश्वचषक झाला तो सगळाच्या सगळा प्लास्टिकवर! पुरुषांचा एकही विश्वचषक तोवर असा खेळवला गेला नव्हता. अमेरिकेची ॲबी वॉम्बॅक आणि अनेक देशांच्या खेळाडू मुलींनी ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणात भेदभावाची तक्रार केली. पुरुषांना गवत आणि आम्हाला प्लास्टिक हे का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सुनावणी लवकर होईना, स्पर्धा जवळ आली, शेवटी जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी तक्रार मागे घेतली आणि त्या त्याच मैदानावर खेळल्या. जगातल्या पहिल्या दर्जाच्या खेळाडूंची ही गत, मग इतरांचे काय सांगावे.

याचा अर्थ प्लास्टिक सगळीकडेच वाईट असा घेऊ नये. आपल्याच देशातले मिझोराम पाहा. डोंगर उतारावरचे राज्य, सपाट जागा मिळण्याची मारामार, पाऊस मरणाचा. तिथल्या ऐझॉल फुटबॉल क्लबचे घरचे मैदान कृत्रिम गवताचे. हा क्लब २०१६ साली आय-लीगमधून खाली घसरला होता, त्याला पुन्हा संधी मिळाली आणि २०१६-१७ ची आय-लीग त्याने जिंकली! कोलकाता-गोवा-बंगळुरूच्या श्रीमंत क्लबांना मागे टाकून एका आदिवासी राज्याच्या छोट्या क्लबाने देशाचे अजिंक्यपद पटकावले. तिथे गवत लावायचे म्हटले असते तर वर्षातले निम्मे दिवस चिखलात गेले असते. मुंबईचे कूपरेज, गोव्यात म्हापशाचे दुलेर स्टेडियम, इथेही कृत्रिम गवत आले ते याच कारणाने. पावसाचा प्रदेश, सामन्यांची गर्दी, आणि मैदाने कमी. उलट कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या पेठापेठांतले सामने हजारो लोक गर्दी करून बघतात, ते गवतावरच.

मग फुलसावंगीला काय लागू पडते?

पहिली गोष्ट ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ती विद्या नाही. कडक उन्हात कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो, हे अनेक देशांत मोजून झाले आहे. मामांची भाकर शेकली नाही तरी पोरांचे तळवे शेकतील. आणि आपली अर्धी पोरे अनवाणी खेळतात! अनवाणी खेळणे काही कमीपणाचे नाही. १९११ साली कोलकात्याच्या मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरा जणांपैकी दहा जण अनवाणी होते. पण ते गवतावर. तापलेल्या रबरावर अनवाणी उतरणे म्हणजे शिक्षाच. गालिच्यावर खेळायचे तर वेगळ्या तळाचे बूट हवेत. ते कोण घेऊन देणार?

दुसरी गोष्ट माती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पोराचा पाय घोट्यापर्यंत जावा एवढ्या भेगा पडतात, हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. अशा जमिनीवर गालिचा नुसता अंथरला तर दोन-तीन वर्षांत त्याला उंचवटे आणि खळगे येतील. त्यासाठी काळी माती खोल खणून काढायची, मुरूम-गिट्टी भरायची, रोलर फिरवायचा. पूर्ण मापाच्या, म्हणजे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद मैदानाचा हिशेब कोटींत जातो. एवढे करून गालिच्याचे आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचे. मग तो काढून टाका आणि नवा आणा. जुना कुठे टाकणार? त्यातले रबराचे दाणे पावसाबरोबर नाल्यात, नाल्यातून पैनगंगेत. युरोपियन संघाने २०२३ साली असे दाणे विकण्यावर बंदी आणणारा नियम केला आणि मैदानांना २०३१ पर्यंत मुदत दिली. तिकडे नकोसा झालेला माल मग कुठे स्वस्तात येईल, हे वाचकांनीच ताडावे.

आमदार निधी एकदा मिळतो. आठ वर्षांनी आमदार कोण असेल आणि त्याला आपली वस्ती आठवेल का, हे बैठकीत कोणी विचारले नाही.

आता गवताची बाजूही सरळ सांगतो, कारण आपल्या बाजूचे दोष झाकणे मला पटत नाही. गवताला पाणी लागते. १०५ बाय ६८ म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एवढ्या जागेवर नुसते पाच मिलिमीटर पाणी फिरवायचे तर ३५,७०० लिटर लागते. पाच हजार लिटरचे सात टँकर! रोज एवढे पाणी मैदानावर ओततो म्हणणाऱ्याला बाया हंडे घेऊन मारायला धावतील आणि ते योग्यच होईल. उन्हाळ्यात घरात प्यायला पाणी नसताना मैदान हिरवे ठेवणे हा गुन्हा आहे. मोठ्या शहरांतल्या गवताच्या मैदानांचे खरे दुखणे हेच आहे.

पण हराळीचा मोठेपणा इथेच आहे. ती पाण्यावाचून पिवळी पडते, मरत नाही. पान वाळते, जमिनीतली कांडी झोपून राहते. उन्हाळ्यात मैदान पिवळे दिसेल, थोडे टणकही होईल, तरी मुळ्यांनी माती धरलेली असल्यामुळे धूळ कमी उडेल आणि गुडघा गोट्यावर आपटणार नाही. जूनचा पाऊस आला की पंधरा दिवसांत हिरवे. हिवाळ्यात आठवड्याला एकदा पाणी मिळाले तरी तिचे भागते. शिवाय पूर्ण मापाचे मैदान हवेच असे कोणी सांगितले? साठ बाय चाळीस मीटरच्या जागेत सात-सात जणांचा झकास सामना होतो. तिथे पाच मिलिमीटरसाठी १२,००० लिटर, म्हणजे जेमतेम अडीच टँकर पुरतात, तेही आठवड्यातून एकदा आणि फक्त पाणी असेल तेव्हा.

त्याहून लहान जागेतही फुटबॉल होतो, हे आपल्या नागपूरने जगाला दाखवले. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतली पोरे भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांना खरा चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. बेघरांच्या विश्वचषकापर्यंत ही पोरे पोहोचली. त्या स्पर्धेचे मैदान अवघे २२ बाय १६ मीटर असते आणि एका बाजूने चारच खेळाडू. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली याच गोष्टीवर ‘झुंड’ काढला. त्यातली वस्तीची जयंती पाहताना आपल्यापैकी अनेकांना आपलेच घर पडद्यावर दिसले असेल. त्या पोरांना सुरुवातीला टर्फ मिळाले नव्हते. एक चेंडू आणि एक माणूस मिळाला होता.

या मैदानाच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचते ते भाडे. आजकाल तालुक्या-तालुक्याच्या गावी जाळी लावलेली, दिव्यांनी झगमगणारी खाजगी टर्फ झाली आहेत. तासाचे भाडे कुठे पाच-सहाशे, कुठे हजार रुपयांच्या वर. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे बापाने दोन दिवस खड्डे खणावेत, तेव्हा पोरांच्या टोळक्याला तासभर खेळता येईल. खाजगी माणसाने धंदा काढला, त्याने भाडे घ्यावे. त्याच्याशी आपले भांडण नाही. पण सरकारी पैशातून, गावाच्या जागेवर टर्फ झाले आणि मग ‘देखभालीसाठी’ म्हणून दाराशी पावती पुस्तक घेऊन माणूस बसला, तर काय करायचे? गालिचा महाग म्हणून जाळी लागते, जाळीला कुलूप लागते, कुलपाला किल्लीवाला लागतो. आणि किल्ली कोणाच्या खिशात जाते, हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. ते तळे सार्वजनिक होते. बोले ठरावाने १९२३ सालीच सरकारी खर्चाच्या पाणवठ्यांची आणि सार्वजनिक जागांची दारे कागदावर उघडली होती, महाडच्या नगरपालिकेनेही मान्यता दिली होती, तरी पाण्यापर्यंत जाणारा रस्ता माणसांनी अडवला होता. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला सरकारी पैशाने राखलेल्या सार्वजनिक वापराच्या जागाही आल्या. जातीच्या नावाने तिथे कोणाला अडवता येत नाही. मैदान त्यात बसते. आज जातीचे नाव घेऊन कोणी अडवणार नाही. ‘ऑनलाइन बुकिंग केले का’ एवढेच विचारील.

मैदानाचा आणि आपला संबंध जुना आहे, तो खेळाडू म्हणून नंतर आणि राबणारे म्हणून आधी. पळवणकर बाळू हे नाव जुन्या वाचकांना माहीत आहे. १८७६ साली धारवाडला जन्मलेला हा चर्मकार समाजातला मुलगा पुण्यात क्रिकेटचे मैदान झाडायचा, गवत राखायचा, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, महिना तीन-चार रुपयांवर. गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता तो देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज झाला. हिंदू संघाला तो हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. (मोहन बागान जिंकली तेच हे वर्ष.) एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. बाबासाहेबांना तरुणपणी या बाळूंचा मोठा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते पडले, हेही वाचकांना माहीत असेल. मला इथे एवढेच सांगायचे आहे की गवत राखणे हे काम आपल्या हातांना नवीन नाही. फक्त ते गवत तेव्हा दुसऱ्याचे होते.

हे सगळे मी पुढच्या बैठकीत मांडले. कॉलेजच्या मुलाने ऐकून घेतले, पण तो काही एकदम मान्य करणारा नव्हता. त्याचे म्हणणे, शाळेची सुब्रतो चषकाची पोरे जिल्ह्याला गेली आणि पुढे कधी कृत्रिम मैदानावर खेळायची वेळ आली तर बावरून जातील. चेंडूचा वेग वेगळा, उसळी वेगळी. हॉकीवाल्यांचे झाले तेच होईल. हे त्याचे बोलणे खरे आहे आणि माझ्याजवळ त्याला पूर्ण उत्तर नाही. मोठ्या स्पर्धेआधी चार-सहा दिवस वर्गणी करून पोरांना टर्फवर न्यावे, एवढेच मला सुचले.

मग बोलली ती माझी भाची. दहावीत आहे, शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळते. ती म्हणाली, “मामा, तुम्ही गवत म्हनता, दादा टर्फ म्हनते. पन गावच्या मैदानावर पोरं आमाले खेळू कुठं देतात? आम्ही गेलो की चेंडू मुद्दाम अंगावर मारतात. टर्फवर निदान पैसे दिले तर तासभर जागा आपली असते. कोनी हुसकत नाही.”

विहारात एकदम शांतता झाली. मी चवदार तळ्यापर्यंत जाऊन आलो होतो आणि माझ्या घरातल्या मुलीच्या मैदानाचा रस्ता कोणी अडवला होता ते मला दिसले नव्हते. अडवणारी पोरे बाहेरची नव्हती, याच बैठकीत बसलेली होती. दोघे-तिघे खाली पाहू लागले. एक आजी म्हणाल्या, “अवो, मंग वेळ ठरवा ना. नळाची पाळी ठरते तशी.”

नळाच्या पाळीप्रमाणे पाळी ठरली. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींचे. त्या वेळी मुलांनी बाहेरून चेंडू आणून द्यायचा, आत यायचे नाही. विहाराच्या फळ्यावर तसे लिहिले गेले. दोन बाया आळीपाळीने तिथे बसणार आहेत.

मैदानाचेही ठरले. वस्तीच्या कडेच्या मोकळ्या जागेचा ग्रामपंचायतीचा ठराव आधी कागदावर घ्यायचा. तो नसेल तर उद्या कोणी तिथे दुकानगाळे काढील. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे क्रीडांगण विकासाच्या अनुदानासाठी अर्ज करायचा. वर्गणीच्या शिलकीतून मुरमाच्या ट्रॉल्या. मधोमध थोडा उंच आणि चारी बाजूंना बेताचा उतार, म्हणजे पाणी तुंबणार नाही, कडेने चर. मुरमावर चार-पाच बोटे माती, तीत निम्मी नाल्याची वाळू मिसळलेली, म्हणजे भेगा पडणार नाहीत. दगड-गोटे वेचायला सगळ्यांनी एक रविवार द्यायचा. पहिला चांगला पाऊस झाला की हराळीच्या कांड्या वीतभर अंतरावर टोचायच्या आणि त्यानंतर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, मैदानावर कोणी पाय ठेवायचा नाही. भन्ते वर्षावासात एका जागी राहतात, तसे मैदानालाही बसू द्या, असे मामांनी सांगितले, तेव्हा पोरांची तोंडे उतरली. तीन महिने खेळायचे कुठे? शाळेच्या आवारात, दुसरे काय.

गवत वाढले की कापणार कोण, यावरही बराच वाद झाला. यंत्र महाग. शेवटी बकऱ्यावाल्या एका काकूंनी जबाबदारी घेतली. इंग्लंडातही यंत्रे येण्यापूर्वी मैदानावर मेंढ्याच सोडत असत, हे मी सांगितले, तर काकू म्हणाल्या, “मंग आमच्या बकऱ्या काही कमी हायेत का?” लेंड्या पोरांनी वेचायच्या, अशी अट मात्र घातली गेली.

राहिला प्रश्न हराळीच्या कांड्यांचा. रोपवाटिकेतून गवत आणायचे तर चौरस फुटाला पैसे मोजावे लागतात. हिशेब करून मी आकडा सांगणार, तेवढ्यात मागे बसलेल्या बायांत हसू फुटले. त्यांतली एक, जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरातली हराळी खणली आहे, ती उठून म्हणाली, “विकत कायले आनता जी? किती पोती पायजे थे सांगा. उद्या सकाळीच पोरं पाठवा वावरात, आनि कुदळी आपल्या घरून आना मना.”